महामार्गाचे रुंदीकरण आणि वन्यप्राण्यांची वाट

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर करीत आलेला महामार्ग अनमोडपाशी गोव्याच्या हद्दीत शिरतो आणि घाटाची वळणे उतरून मोले येथे सपाटीला लागतो. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ४ अ होता, आता तो ७४८ आहे. अनमोड ते मोले हे अंतर जेमतेम १३ किलोमीटरांचे. वाहनचालकाच्या हिशेबी ती अर्ध्या तासाची वाट आहे. मात्र या १३ किलोमीटरांच्या दोन्ही बाजूंना भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरांचे जंगल पसरलेले आहे. रस्ता त्या जंगलाच्या कडेने जात नसून त्याच्या पोटातून जातो. त्यामुळे या पट्ट्याच्या चौपदरीकरणाचा विषय निघाला की वृक्षतोडीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा असा एक प्रश्न उभा राहतो : रस्त्याच्या उत्तरेचे जनावर दक्षिणेला जाणार कसे?

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर आज जगाला ठाऊक आहे आणि भारतात ते उभारूनही दाखविलेले आहे. मात्र ते उत्तर कुठे, किती मोठे आणि प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यावर ठरते, यावरच त्याचे यश अवलंबून असते.

रस्ता जंगलाचे काय करतो

वाहनाखाली प्राणी मरतात, हे नुकसान डोळ्यांना दिसते म्हणून त्याची चर्चा होते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर घाटरस्त्यावर चिरडलेल्या बेडकांचा आणि सापांचा सडा पडतो. उदमांजर, साळिंदर, खवले मांजर, भेकर, क्वचित बिबट्या अशी नोंद वर्षभर होत राहते. परंतु मृत्यूंची संख्या हे फसवे माप आहे. वाहतूक मध्यम असताना सर्वाधिक प्राणी मरतात. ती फार वाढली, की प्राणी रस्त्याजवळ येणेच टाळतात आणि मृत्यूंची नोंद घटते. कागदावर ती सुधारणा दिसते. प्रत्यक्षात एका जंगलाची दोन जंगले झालेली असतात. दोन्ही तुकड्यांतील प्राण्यांचा संबंध तुटतो, जोडीदार त्याच त्या मर्यादित कळपातून शोधावा लागतो, आणि एखाद्या वर्षी पाणी आटले वा वणवा पेटला तर पलीकडे सरकण्याची सोय उरत नाही.

दुपदरी आणि चौपदरी रस्त्यांतील फरक केवळ दुप्पट रुंदीचा नाही. दुपदरी घाटरस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या पुष्कळ ठिकाणी वरून एकमेकींना भिडलेल्या असतात. शेकरू, वानर आणि रात्री हिंडणारे स्लेंडर लोरिस त्या छतावरून रस्ता ओलांडतात, त्यांना खाली उतरावेच लागत नाही. चौपदरी रस्ता, मधला दुभाजक, दोन्हीकडची गटारे आणि कापलेले उतार धरले तर आभाळाची मोकळी पट्टी ३० मीटरांच्या पुढे जाते. एवढी उडी कोणत्याही शेकरूला शक्य नाही. शिवाय दुभाजक म्हणून काँक्रीटची सलग भिंत घातली, तर एक बाजू कशीबशी ओलांडून आलेला प्राणी नेमका मधोमध अडकतो.

गोव्याचा पूर्व पट्टा

भ्रमणमार्ग आणि प्राणीमार्ग हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांत फरक करणे आवश्यक आहे. भ्रमणमार्ग म्हणजे दोन मोठ्या अधिवासांना जोडणारा जमिनीचा पट्टा. तो काही किलोमीटर रुंद असू शकतो आणि त्यात राखीव वन, खासगी वन, काजूची बागायत, कुरण, क्वचित शेतही येते. प्राणीमार्ग म्हणजे त्या पट्ट्याला छेदणाऱ्या रस्त्याखालून वा रस्त्यावरून केलेली बांधीव सोय. दुसऱ्याचे मोल पहिल्यावर अवलंबून आहे. पलीकडचे जंगल उरले नाही तर भुयारी मार्ग ही केवळ एक महागडी मोरी ठरते.

गोव्याच्या पूर्व सीमेवर अशी साखळी आजही बरीचशी अखंड आहे. उत्तरेला सत्तरीतील म्हादई अभयारण्य, मधे मोले व भगवान महावीर, दक्षिणेला नेत्रावळी आणि त्याला लागून काणकोणातील खोतीगाव. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली आणि त्यामुळेच साखळीतील मोठी पोकळी भरून निघाली. सीमेपलीकडे कर्नाटकात भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्रप्रकल्प आहे. महाराष्ट्राच्या बाजूला तिळारी, राधानगरी आणि त्याही उत्तरेला सह्याद्री व्याघ्रप्रकल्प. काळीतील वाघ उत्तरेकडे सरकायचा असेल, तर त्याच्यासमोर जाण्याजोगा पट्टा हाच आहे. आणि हा पट्टा आडवे छेदणाऱ्या वाटा अनेक : अनमोडचा महामार्ग, चोर्ला घाटाचा रस्ता, कुळे ते कॅसलरॉक लोहमार्ग, आंबोली आणि तिळारीचे घाटरस्ते.

या पट्ट्यात वाघ आहे की नाही हा वाद गोव्यात बराच रंगला. जानेवारी २०२० मध्ये म्हादईतील गोळावली येथे चार वाघ मृतावस्थेत सापडले, तेव्हा त्या वादाला फार दुःखद उत्तर मिळाले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतचे क्षेत्र व्याघ्रप्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या प्रकरणाचा निकाल काहीही लागो, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-ओ मध्ये केवळ व्याघ्रप्रकल्पांचा नव्हे, तर त्यांना एकमेकांशी अथवा अन्य संरक्षित क्षेत्रांशी जोडणाऱ्या प्रदेशाचाही उल्लेख आहे. असा प्रदेश पर्यावरणाला न झेपणाऱ्या वापराकडे वळवायचा असेल, तर सार्वजनिक हिताचे कारण, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला, या तिन्ही गोष्टी लागतात. काळी हा अधिसूचित व्याघ्रप्रकल्प गोव्याच्या सीमेला भिडलेला असताना हे कलम गोव्याला लागू नाही असे म्हणणे कठीण आहे.

पेंचचा अनुभव

भारतात या विषयाचे सर्वात अभ्यासलेले उदाहरण मराठी मुलखातच आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा ७ आणि आताचा ४४, पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचा वाद अनेक वर्षे न्यायालये, हरित लवाद आणि केंद्रीय समित्यांपुढे चालला. रस्ता हवा यावर फारसे दुमत नव्हते, पुलांची लांबी किती असावी यावर मात्र खडाजंगी होती. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने लांब रचना सुचविल्या आणि रस्ते उभारणाऱ्या यंत्रणेने खर्चाचा मुद्दा मांडला. अखेर महाराष्ट्राच्या बाजूला सुमारे १६ किलोमीटरांत नऊ रचना उभ्या राहिल्या. त्यांतील पाच खास प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग आणि चार लहान पूल. लांबी ५० मीटरांपासून ७५० मीटरांपर्यंत. रस्ता या ठिकाणी खांबांवर उचललेला आहे आणि खालची जमीन जंगलाची जंगलालाच राहिली आहे. पुढे मध्य प्रदेशाच्या बाजूला अशा रचनांबरोबरच आवाज रोखणाऱ्या आणि दिव्यांचा झोत अडविणाऱ्या उंच भिंतीही बसविल्या गेल्या.

२०१९ साली मार्च ते डिसेंबर या काळात संस्थेने महाराष्ट्रातील नऊ रचनांखाली स्वयंचलित कॅमेरे लावले. वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली. त्यांत १८ प्रजाती होत्या आणि वाघ ८९ वेळा टिपला गेला. चितळ आणि रानडुक्कर सर्रास ये-जा करीत होते, हे अपेक्षितच. वाघही पुलाखालचा रस्ता स्वीकारतो हे सिद्ध झाले, आणि यापुढे कोणत्याही प्रकल्पात ‘प्राणी असल्या रचना वापरत नाहीत’ हा आक्षेप घेण्याची सोय राहिली नाही.

मात्र पेंचचा दाखला देताना एक चलाखी होऊ शकते, ती ओळखली पाहिजे. पेंचमध्ये यश मिळाले ते ७५० मीटरांच्या पुलांसह मिळाले. तोच दाखला देऊन अन्यत्र चार मीटरांची काँक्रीट पेटी ‘वन्यजीव भुयारी मार्ग’ म्हणून आराखड्यात दाखविली, तर ते पेंचचे अनुकरण नव्हे.

आकाराचे गणित

भुयारी मार्गातून पलीकडचा उजेड आणि झाडी दिसली तरच खूरवाले प्राणी आत शिरतात. गवा आणि सांबर याबाबत विशेष बुजरे. त्यासाठी अभियंते एक सोपे गुणोत्तर वापरतात : तोंडाची रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला आतून चालावे लागणारे अंतर. चार मीटर रुंद आणि चार मीटर उंच पेटी १२ मीटरांच्या दुपदरी रस्त्याखाली असेल तर हे गुणोत्तर १.३३ येते. तीच पेटी ३० मीटर रुंद चौपदरी रस्त्याखाली गेली की ०.५३. पेटी तीच, पण प्राण्याच्या दृष्टीने ती आता बोगदा झाली. उलट ३० मीटर रुंद आणि पाच मीटर उंच उघडीप ठेवली तर तेच गुणोत्तर पाच होते. म्हणूनच जुन्या मोऱ्या तशाच लांबवून त्यांना प्राणीमार्गाचे नाव देणे हा रुंदीकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. दोन्ही दिशांच्या मार्गिका थोड्या अंतरावर वेगळ्या ठेवून मधे आभाळ मोकळे सोडले, तर त्याच खर्चात खाली उजेड पोहोचतो.

लहान प्राण्यांसाठी गणित वेगळे. बेडूक, कासव, साप आणि देवगांडूळ यांना पाच मीटर उंची नको, त्यांना ओलावा, माती आणि थोड्या थोड्या अंतरावर पुनःपुन्हा मिळणारी वाट हवी. पावसाळ्यात तुडुंब वाहणारी मोरी त्यांच्या कामाची नाही. तिच्या एका कडेला पाण्याच्या पातळीवर कोरडा कट्टा ठेवला, तर तीच मोरी उदमांजरापासून सरड्यापर्यंत अनेकांना चालते. या कट्ट्याचा खर्च नगण्य असतो आणि बहुधा त्यामुळेच तो अंदाजपत्रकात कुणाच्या लक्षात येत नसावा. झाडांवरून फिरणाऱ्यांसाठी दोर आणि पट्ट्यांचे झुलते पूल लागतात. तमिळनाडूत वालपराई परिसरात सिंहपुच्छ माकडांसाठी ते बांधले गेले आणि माकडांनी ते वापरलेही.

कुंपणाशिवाय यातील काहीही पुरेसे नाही. रस्त्याच्या कडेने प्राण्याला भुयारी मार्गाकडे वळविणारे कुंपण नसेल, तर तो सवयीच्या जागीच ओलांडेल. पण कुंपण घातले आणि ओलांडण्याची सोय अपुरी ठेवली, तर ती सरळ भिंतच झाली. दोन्ही गोष्टी एकत्र आणि एकाच वेळी व्हाव्या लागतात.

घाट म्हणजे पेंच नव्हे

पेंचचे जंगल बहुतांशी सपाट आहे. अनमोड घाटात एका बाजूला डोंगर कापलेला आणि दुसऱ्या बाजूला दरी. रुंदीकरण म्हणजे येथे प्रामुख्याने डोंगर आणखी कापणे. दहा मीटरांचा उभा कापलेला उतार आणि दरीकडची संरक्षक भिंत, या दोन गोष्टी वाहनांची वर्दळ नसतानाही गव्याला अडवतात. दरीतून वर आलेला कळप रस्त्यावर चढला तर समोर भिंत पाहून तो रस्त्यानेच चालू लागतो. रात्रीच्या वळणावर अचानक समोर येणारा गवा हा अनेकदा या रचनेचाच परिणाम असतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सहज ८०० किलोंच्या पुढे जाते, तेव्हा हा प्रश्न वाहनातील माणसांच्या जिवाचाही आहे.

घाटात प्राण्यांच्या नैसर्गिक वाटा दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे ओहोळ, जिथे पाण्यासोबत जनावरही उतरते. दुसरी म्हणजे डोंगराची उतरती सोंड. ओहोळावर भराव घालून खाली नळ टाकण्याऐवजी खांबांवरचा पूल बांधला, तर पाणी आणि प्राणी दोघांचीही वाट मोकळी राहते. गोव्याच्या घाटांतील पाऊस पाहता भराव वाहून जाण्याचा आणि दरड कोसळण्याचा धोकाही त्याने कमी होतो. म्हणजे येथे वन्यजीवांचा खर्च म्हणून दाखविली जाणारी रक्कम बरीचशी रस्त्याच्याच आयुष्यासाठी खर्ची पडते. सोंडेवर मात्र रस्ता दोन्ही बाजूंनी खोल कापलेला असतो. तिथे भुयारी मार्गाऐवजी वरून माती आणि झाडी असलेला हरित पूल किंवा छोटा बोगदा अधिक योग्य. कोणत्या जागी काय, हे नकाशावर समान अंतरे मोजून ठरत नाही. प्रत्येक ओहोळ पायी तुडवावा लागतो.

अशी पाहणी किती काळ चालते, यावरून आराखड्याचा खरेपणा ओळखता येतो. उन्हाळ्यात प्राणी पाण्याभोवती एकवटतात, पावसाळ्यात पांगतात. बेडूक आणि साप रस्त्यावर येतात तेच मुळी पावसात. जानेवारीतील दोन आठवड्यांच्या पाहणीवर बेतलेला प्राणीमार्ग आराखडा म्हणजे एका ऋतूचे अर्धे चित्र. भारतीय वन्यजीव संस्थेने रस्ते, लोहमार्ग आणि वीजवाहिन्यांसाठी २०१६ मध्येच मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली आहे. त्यामुळे मानके उपलब्ध नाहीत अशी सबब कुणालाही देता येत नाही.

तीन रेषा, एकच जंगल

मोले परिसरातील वाद एकट्या महामार्गाचा कधीच नव्हता. महामार्गाचे चौपदरीकरण, लोहमार्गाचे दुपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी हे तीन प्रकल्प साधारण एकाच सुमारास पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने तिन्हींची छाननी करून एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम स्वतंत्रपणे मोजला तर तो सह्य वाटतो, हीच अशा वेळी अडचण असते. रस्त्याखालचा भुयारी मार्ग ओलांडून प्राणी बाहेर आला आणि पुढे लोहमार्गाचा उंच भराव असला, तर रस्त्याची रचना निर्दोष असूनही निष्फळ ठरते. प्राणीमार्गाचा नकाशा म्हणून केवळ महामार्गाचा असून चालत नाही. त्यावर लोहमार्ग, वाहिनीखालची मोकळी केलेली पट्टी, पर्यटकांच्या जीपगाड्यांची वाट, सगळे एकत्र दिसले पाहिजे.

दोन्ही टोकांच्या जमिनीचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. अभयारण्याच्या आत वनखात्याचा अधिकार चालतो. बाहेर काजू बागायती, खासगी वने आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या पण कागदोपत्री मालकी न लागलेल्या जमिनी आहेत. व्याघ्रप्रकल्पाच्या नावाने गावांत जी धास्ती आहे, तिचे मूळ यातच आहे, आणि ती अडाण्यांची भीती म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. कायद्यात यासाठी मवाळ मार्ग आहेत. सरकारी जमिनीवर स्थानिकांशी विचारविनिमय करून संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करता येते, खासगी वा सामुदायिक जमिनीवर मालकांच्या इच्छेने सामुदायिक राखीव क्षेत्र. दोडामार्ग तालुक्यात २०२० मध्ये तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र झाले, सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटरांचे. अशा घोषणेने जमीनमालकाचे हक्क आपोआप संपत नाहीत, पण भुयारी मार्गाच्या तोंडाशी उद्या ढाबा, गोदाम किंवा रिसॉर्ट उभे राहण्याची शक्यता मात्र घटते.

निविदेच्या आधी की नंतर

प्रकल्पाची रेखा, उंची आणि पुलांची संख्या सविस्तर अहवालात ठरते. त्यावर निविदा निघते, ठेकेदार नेमला जातो. यानंतर मंडळाने अट घातली की अमुक ठिकाणी २०० मीटरांचा पूल हवा, तर त्याचा अर्थ खर्चात वाढ, मुदतवाढ, आणि बहुतेक वेळा कोर्टकचेरी. मग तडजोड होते आणि पुलाची लांबी कमी होत जाते. तीच मागणी पहिल्या रेखाटनात असती तर तो रस्त्याचाच एक भाग ठरला असता. एकदा भराव पडला की त्याखाली पुढे मोठी उघडीप करणे जवळपास अशक्य असते. मग उरतात ते वेगमर्यादेचे फलक. ‘वन्यप्राण्यांचा वावर, वाहने सावकाश चालवा’ हे वाक्य उपाययोजनांच्या यादीत एक स्वतंत्र उपाय म्हणून मोजले जाते, यासारखी विनोदी बाब दुसरी नसेल.

रात्रीची वाहतूक बंद ठेवणे हा बिनखर्चाचा आणि परिणामकारक पर्याय आहे. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. मोजक्या बसगाड्या आणि रुग्णवाहिका तेवढ्या सुटतात. परंतु अनमोड आणि चोर्ला हे गोव्याच्या भाजी-दुधाचे रस्ते आहेत आणि बेळगावहून निघालेले ट्रक पहाटेच्या बाजारासाठी रात्रीच धावतात. येथे सरसकट बंदी टिकणे अवघड. म्हणजे जे काम बंडीपुरात वेळापत्रक करते, ते येथे पुलांनाच करावे लागेल, आणि त्यामुळे त्यांच्या आकारात काटकसर परवडणारी नाही.

रचना उभी राहिल्यावरही घाई करून निष्कर्ष काढता येत नाही. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावर ४४ रचना आणि सलग कुंपण आहे, आणि तेथे वन्यप्राण्यांशी होणाऱ्या वाहनांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. पण तेथील ग्रिझली अस्वलांना या रचना अंगवळणी पडायला पाच वर्षांपर्यंत काळ लागला. पहिल्याच वर्षी कॅमेऱ्यात वाघ आला नाही म्हणून पुलाला अपयशी ठरविणे किंवा एक बिबट्या दिसला म्हणून यश साजरे करणे, दोन्ही सारखेच उतावळे. देखरेखीचा निधी किमान तेवढ्या वर्षांसाठी करारातच धरावा लागतो. त्यात कॅमेरे येतात, कुंपणाची दुरुस्ती येते, कट्ट्यावर साचलेला गाळ काढणे येते आणि भुयारी मार्गाखाली ट्रक उभे राहू न देण्यासाठी एक पहारेकरीही येतो.

दक्षिणेकडे काणकोणच्या वाटेवरील करमल घाटही वनक्षेत्रातूनच जातो आणि खोतीगाव तेथून दूर नाही. तेथील ओहोळांची पायी पाहणी आणि कॅमेऱ्यांची पहिली फेरी पावसाळ्यात करून घ्यावी लागेल, तीही रुंदीकरणाची रेखा कागदावर पक्की होण्यापूर्वी.